‘तीन टन आरामात ओढते’ म्हणून घेतलेली गाडी: माझे 7,75,000 रुपये गेले

रक्कम आधीच लिहितो. 21,000 यूपीआयने, 5,64,000 आरटीजीएसने, 1,90,000 रोख. एकूण 7,75,000 रुपये. त्यातले 3 लाख आईची मुदतठेव मोडून घेतलेले. तीन महिने घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतोय, कारण तो माणूस अजून धंदा करतोय.

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. घरात नऊ माणसं. आई 74 वर्षांची, मधुमेह आहे, तिला तासा-दीड तासाने बाथरूमला जावं लागतं. पंढरपूर आणि तुळजापूर एकदा सगळ्यांबरोबर करायचं ही तिची इच्छा. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुना प्रवासी ट्रेलर घेतला. दोन बिछाने, छोटा ओटा, आत संडास. सामान भरून वजनकाट्यावर घातला तेव्हा 1,450 किलो भरला. तो ओढायला आणि नऊ माणसं बसवायला मोठी गाडी हवी होती, म्हणून 13 आसनी टेम्पो ट्रॅव्हलर शोधत होतो. चैन म्हणून नाही. ‘दोन गाड्या करून जायचं ना’ असं आता सांगणाऱ्यांनी आईला घेऊन एकदा चोर्ला घाट चढून दाखवावा.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘कॅम्पिंगसाठी खास तयार, ओढायचा हुक बसवलेला, 3 टन क्षमता, 68,000 किमी.’ मागच्या हुकाचा मोठा फोटो. असा हुक असलेली प्रवासी गाडी आपल्याकडे सहसा विकायला येतच नाही. आम्ही लगेच फोन केला. महाराष्ट्रात, बांद्याच्या पुढे महामार्गालगतच्या एका यार्डात गाडी उभी होती. माणूस गोड बोलणारा. मला ‘बाब’ आणि आईला ‘आई’ म्हणाला, तिच्यासाठी खुर्ची आणली, नारळपाणी आणलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते. मी वाकून हुक पाहिला होता. बॉल, म्हणजे ज्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा, 50 मिलिमीटरचा, आमच्या ट्रेलरला चपखल. वर पत्र्याची पट्टी, तिच्यावर ‘3000 केजी’ ठोकलेलं. आकडे वाकडे होते. एक शून्य खाली, एक वर. हाताने ठोकलेले, हे मला दिसलं. खऱ्या हुकाच्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव असतं, किती ओढायचं ते असतं आणि बॉलवर उभं वजन किती चालेल तेही असतं. इथे फक्त ‘3000 केजी’. शिवाय हुकावरचा काळा रंग ताजा आणि बाजूच्या चेसीवर गंज. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘पट्टी पडली होती बाब, आम्हीच नवी लावली.’ आणि मी मान डोलावली! आमच्या गॅरेजवाल्या मेस्ताला बरोबर आणायचं ठरलं होतं, त्याला त्या दिवशी ताप आला. ‘दोन दिवसांनी येतो’ म्हटलं तर उत्तर मिळालं की 4 वाजता कोल्हापूरची पार्टी पैसे घेऊन येतेय. पार्टी येतेय म्हटलं की तिथून उठायचं. गाडी गेली तर जाऊ दे.

ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. 68,000 किमीत असं होत नाही. नंतर गाडीच्या नंबरावरून सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली तर त्यांच्याकडची शेवटची नोंद 2,14,000 किमीची निघाली. हा फोन पैसे देण्याआधी करायचा असतो.

आरसीवर बँकेचा बोजा आहे हे मी एमपरिवहन या सरकारी ॲपवर पाहिलं होतं. मी आंधळा नव्हतो. त्याने बँकेचं ना-हरकत पत्र आणि शिक्का मारलेला फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवायचा फॉर्म, पुढे ठेवला. म्हणे कर्ज फिटलंय, ऑनलाइन नोंद निघायला पंधरा दिवस लागतात. पत्रावरच्या नंबरला मी फोन केला, तिकडून बाईने ‘हो, खातं बंद आहे’ असं सांगितलं. आता कळतं की तो नंबरही त्यांचाच. शाखेचा नंबर स्वतः शोधा, नाहीतर शाखेत जाऊन विचारा. रोख रक्कम 2 लाखांच्या आत, म्हणजे रोखीच्या कायदेशीर मर्यादेत, का मागितली तेही तेव्हा कळलं नाही. पावती मागितली तर ‘आरटीजीएसची आहे ना’ म्हणाला.

पहिली फेरी चोर्ल्याची, सुदैवाने आईला न घेता. केरी सोडून चढ लागला आणि तिसऱ्या वळणावर मागून काडकन आवाज आला. हुकाची एक बाजू सुटून खाली लोंबत होती, ट्रेलर तिरका. खाली फुलीसारख्या बांधलेल्या साखळ्यांनी तो धरून ठेवला, नाहीतर मागे एक दुचाकीवाला होता, त्याचं काय झालं असतं सांगवत नाही. साखळ्या मी स्वतः बांधल्या होत्या. मेस्ताने गाडी वर घेऊन दाखवलं: हुक चेसीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने धरलेला नव्हता, बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून वर रंग मारलेला. क्लचही संपलेला. ते दोन्ही काढून नीट करायला 65,900 रुपये वेगळे गेले.

वजनाचं गणितही त्यानेच मांडून दिलं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग बॉलवर येतो, म्हणजे आमचे जवळपास 150 किलो, आणि ते गाडीच्या पोटातल्या माणसांसारखेच मोजायचे. नऊ माणसं, सामान आणि हे 150 मिळून आरसीवरच्या एकूण वजनाला आम्ही टेकलो होतो. ‘किती ओढते’ हा आकडा भरलेल्या गाडीचा नसतो. मुलगा अमेरिकेतल्या फोर्ड इकोनोलाइन आणि शेवरोले एक्सप्रेसचे व्हिडिओ दाखवायचा, अख्खं कुटुंब आणि मागे ट्रेलर. पण तिकडे ओढायची मर्यादा कंपनी छापून देते, आणि माणसं भरली की 15 आसनी व्हॅन उलटण्याचा धोका फार वाढतो असा इशारा तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने 2001 मध्येच दिलाय. आमच्याकडे एक वाकडी पट्टी होती.

गाडी नावावर करायला आरटीओत गेलो तेव्हा बोजा जिवंत असल्याचं कळलं. 4,12,360 रुपये बाकी. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म परत सरकवला आणि ‘ज्याच्याकडून घेतली त्याला विचारा’ म्हणाला. बँक म्हणते तुम्ही आमचे खातेदार नाही, माहिती देता येत नाही. मात्र वसुलीची दोन माणसं माझ्या दारात येऊन गाडीचे फोटो काढून गेली, त्यांना पत्ता कसा मिळतो? पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकवलं, हा दिवाणी मामला. खोटा शिक्का मारलेलं बँकेचं पत्र दिवाणी कसं? दुसऱ्या दिवशी, व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे गोव्यातून गेले, तिथेच द्या. हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, हे मी त्यांना सांगायचं? सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन केला, तिथे ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना’ हा प्रश्न. ग्राहक हेल्पलाइन 1915 ने तक्रार क्रमांक दिला, एवढंच. शेवटी अर्ज पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवला, पोचपावती जपून ठेवलीय. तुम्हीही तोंडी काही सांगू नका, लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. सहा चकरांत मला जो अपमान सहन करावा लागला तो त्या विक्रेत्याने केलेल्या फसवणुकीपेक्षा कमी नाही. तो निदान गोड बोलत होता.

ट्रेलरचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर लावावा लागतो. हेही त्याने ‘लागत नाही’ म्हणून सांगितलं होतं. विमा एजंटला आधी विचारा.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. चालवता येत नाही, विकता येत नाही. आई ठेवीचं नाव काढत नाही, तेच जास्त लागतं.

गेल्या सोमवारी मुलाला नवी जाहिरात दिसली. गाडी वेगळी, रंग वेगळा, ‘कॅम्पिंगसाठी खास तयार, 3 टन’. हुकाचा फोटो मोठा करून पाहिला. पट्टीवर तेच वाकडे आकडे, एक शून्य खाली, एक वर. माझ्या गाडीच्या हुकाचाच फोटो आहे तो. छापून ठाण्यात घेऊन गेलो. ‘साहेब रजेवर आहेत, गुरुवारी या’ असं सांगितलं. गुरुवारी गेलो तोवर जाहिरात निघालेली होती आणि तिच्या जागी ‘विकली गेली’ असं लिहिलं होतं.