उन्हाळी इंटर्नशिप: स्नायूपेशींची लॅब की चालण्याची लॅब?

स्नायूंवर काम करायचंय आणि दोन ठिकाणांहून होकार आलाय. एकीकडे पेशी वाढवायच्या, दुसरीकडे माणसांचं चालणं मोजायचं. काय घेऊ? हा प्रश्न मला बी.एस्सी.च्या, फिजिओथेरपीच्या आणि मेकॅनिकलच्याही मुलामुलींकडून येतो. मी दोन्हीकडे एकेक उन्हाळा काढलाय, त्यामुळे जे पाहिलं तेच सांगते.

आधी दिवस मोजा. आठ आठवडे म्हणजे कामाचे चाळीस दिवस.

पेशींच्या लॅबमध्ये बहुधा उंदराच्या स्नायूपेशी हातात येतात, त्यांचं नाव सी-टू-सी-ट्वेल्व्ह. गोठवलेल्या पेशी जागवायच्या, 37 अंश सेल्सिअस आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये वाढवायच्या, प्लेट भरत आली की घोड्याचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) घातलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, द्यायचं. मग पेशी एकमेकींत मिसळून लांबट नळ्या बनतात, त्याला पाच-सात दिवस लागतात. सगळं धरून एका फेरीला दोन आठवडे. म्हणजे उन्हाळाभरात फार तर चार फेऱ्या, आणि त्यातली एखादी वाया जाणारच. माझी दुसरी फेरी अशीच गेली. सोमवारी सकाळी इनक्युबेटर उघडला तर मीडियम गढूळ आणि पिवळं पडलेलं, जिवाणू शिरलेले. सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. रविवारची सुट्टीही विसरा, मीडियम वेळेवर बदलावंच लागतं.

पण चौथ्या फेरीत सूक्ष्मदर्शकाखाली एक नळी आपली आपण आखडली, सैल झाली, पुन्हा आखडली. तिला कुणी हात लावला नव्हता. 1954 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत.) स्नायू आखडतो तेव्हा त्यातले तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे दोन्ही निबंधांनी मांडलं. पुस्तकात ते मी दहा वेळा वाचलं होतं. समजलं त्या दिवशी.

चालण्याच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात डेटा हातात येतो. पोटरीवरचे केस काढायचे, कातडी स्पिरिटने पुसायची, स्नायूच्या फुगीर भागावर त्यातले विजेचे सिग्नल टिपणारे दोन इलेक्ट्रोड 20 मिलिमीटर अंतरावर, तंतूंच्या दिशेने चिकटवायचे. समोरचा माणूस टाचा उचलतो आणि स्क्रीनवरची शांत रेघ एकदम उसळते. इलेक्ट्रोड जरा सरकला की शेजारच्या स्नायूचा सिग्नल त्यात मिसळतो. ही बोटांची समज व्हिडिओ पाहून येत नाही. सोबत सांध्यांवरचे मार्कर टिपणारे कॅमेरे आणि जमिनीत बसवलेली, पावलाचा रेटा मोजणारी फोर्स प्लेट. मोजणी तासाभरात संपते, पण मार्करना नावं देणं आणि सिग्नल गाळणं यात आठवडे जातात. पायथन किंवा मॅटलॅबमध्ये प्रोग्रॅमिंग येत नसेल तर मार्च-एप्रिलमध्ये थोडं शिकून जा.

इथली खरी अडचण परवानगीची. माणसांवर मोजमाप करायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी हवी, आणि ती यायला कधी कधी महिने लागतात. मंजुरी हातात नसेल तर तुमचा उन्हाळा जुन्या फाइली चाळण्यात जाईल.

स्टायपेंड आणि हॉस्टेल दोन्हीकडे विचारून घ्या, त्यावरून निवड करू नका. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपमधून जायचं असेल तर अर्जाची धावपळ दिवाळीच्या आगेमागे करावी लागते. शिक्षकांचं शिफारसपत्रही लागतं.

माझं मत: फिजिओथेरपीला असाल तर डोळे झाकून चालण्याची लॅब घ्या, उद्या पेशंटची चाल बघताना डोळा वेगळा झालेला असेल. दुसऱ्या वर्षाला असाल तरी तीच, कारण लॅब सुटली तरी काम सुटत नाही. शरीराची हालचाल संगणकावर तपासणारं स्टॅनफर्डचं ओपनसिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या लॅपटॉपवर पुढे चालू ठेवता येतं. तिसऱ्या वर्षाला असाल आणि जीवशास्त्रात पीएच.डी. करायचं पक्कं असेल, तर पेशींकडे जा. पेशी हाताळणारा हात लॅबबाहेर तयार होत नाही.

तरीही अडलात तर दोन्ही गाइडना एकच ईमेल टाका: मागच्या उन्हाळ्यातल्या विद्यार्थ्याने शेवटच्या दिवशी काय दाखवलं? उत्तरात त्याने स्वतः काढलेला आलेख किंवा फोटो आला, तर तिकडचं तिकीट काढा.