आवाज की खुणा? कर्णबधिर बाळाच्या आईबाबांपुढचे मार्ग

बेरा टेस्टचा, म्हणजे बाळाच्या श्रवणतपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की सल्ले देणारे सगळे एकदम जागे होतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणतात, कानात इम्प्लांट बसवायचं ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं. थेरपिस्ट बजावतात, खुणा अजिबात करू नका, बाळाला सवय लागेल आणि मग ते बोलायचा कंटाळा करेल. एखादी कर्णबधिर व्यक्ती भेटते आणि ती सांगते, आधी सांकेतिक भाषा शिकवा, बाकी सगळं नंतर. तिघंही मनापासूनच सांगत असतात. पंचाईत तुमची होते, कारण कर्णबधिर मुलांपैकी 90 टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईबाबांच्या घरी जन्मतात आणि त्यातल्या बहुतेकांनी आपल्या बाळाआधी एकही बहिरा माणूस जवळून पाहिलेला नसतो.

मी स्वतः जन्मापासून कर्णबधिर आहे. मशीन लावून, स्पीच थेरपी घेत वाढले. सांकेतिक भाषा कॉलेजात गेल्यावर शिकले. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मोजायचं कशाने?

रिपोर्टवरचा डेसिबलचा आकडा महत्त्वाचा आहेच. साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. ऐकण्यातला दोष 40-50 डेसिबलचा असेल तर चांगलं श्रवणयंत्र बरंच काम करतं. 90 च्या पुढे गेलात तर मशीन लावूनही दार आपटलेलं कळतं, ढोल कळतो, पण स, त, फ असली बारीक व्यंजनं हाती लागत नाहीत, आणि शब्द ओळखायला नेमकी तीच लागतात. इम्प्लांटचा विचार इथून सुरू होतो.

पण आकड्यापेक्षा वय जास्त घाई करतं. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपाय सहाव्या महिन्याच्या आत, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे. पहिली भाषा आत्मसात करण्याची मेंदूची ताकद पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. ती भाषा कानाने आली की डोळ्यांनी, याच्याशी मेंदूला फारसं देणंघेणं नसतं. ती पूर्ण असावी आणि वेळेवर यावी लागते. भाषा-संशोधक रेचल मेबरी यांनी मोठ्या वयाच्या कर्णबधिरांचा अभ्यास केला, त्यात हे स्वच्छ दिसलं. लहानपणी बोलायची भाषा पक्की झाली आणि मग ऐकू येईनासं झालं, अशी माणसं उशिरा शिकूनही सांकेतिक भाषेत तरबेज होतात. ज्यांना लहानपणी कुठलीच भाषा नीट मिळाली नाही आणि जी पहिल्यांदा शाळेच्या वयात खुणा शिकली, ती पुढे वर्षानुवर्षं खुणा वापरूनही गुंतागुंतीच्या वाक्यांना अडखळतात.

माझं माप त्यामुळे एकच आहे: या मार्गावर बाळ किती दिवस भाषेविना राहील?

मशीन आणि इम्प्लांट

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. कॉक्लिअर इम्प्लांट आवाज मोठा करत नाही; तो कानातल्या निकामी केसपेशी (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) ओलांडून थेट श्रवणनसेला विजेचे संकेत देतो. निरोगी कानात ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या केसपेशी साडेतीन हजारांच्या घरात असतात. इम्प्लांटला इलेक्ट्रोड असतात 12 ते 22. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मुलं फोनवर गप्पा मारण्याइतकं शिकतात, हे खरोखर थक्क करणारं आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने 1990 साली दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी परवानगी दिली, 2000 साली ती 12 महिन्यांवर आणली आणि 2020 मध्ये एका बनावटीच्या इम्प्लांटसाठी नऊ महिन्यांवर. वय खाली येत गेलं, कारण लवकर बसवलेल्यांचं बोलणं सरासरीने सरस निघालं. मेनिंजायटिसमुळे ऐकू येणं गेलं असेल तर थांबूच नका: कानाच्या आतला शंख (कॉक्लिआ) हाडाने भरत जातो आणि इलेक्ट्रोड सरकवायला जागा उरत नाही.

आता दुसरी बाजू. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी इम्प्लांट चालू करतात. त्या क्षणाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. बाळ दचकतं, हसतं, आई रडते. त्या दिवशी बाळाला आवाज मिळतो, भाषा नाही. पुढे मॅपिंगच्या, म्हणजे इम्प्लांटचे संकेत मुलाप्रमाणे जुळवण्याच्या, फेऱ्या, थेरपी, घरी रोजचा सराव, आणि हे काही वर्षं. बऱ्याच मुलांना उत्तम फळ मिळतं, काहींना मध्यम, काहींना फारच थोडं, आणि कोणाला किती हे ऑपरेशनच्या टेबलावर खात्रीने सांगता येत नाही. सगळं छान झालं तरी झोपताना बाहेरून लावलेला प्रोसेसर काढावा लागतो, बॅटरी संपते, एमआरआय करताना पथ्यं पाळावी लागतात. शांत खोलीत एकाशी बोलणं आणि पंचवीस मुलांच्या वर्गात बाकं सरकत असताना ऐकणं यांत प्रचंड फरक पडतो.

माझ्या मापाने पाहिलं तर निदानापासून बोलणं समजू लागेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. त्या काळात बाळ काय वापरणार, हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

“ओठ वाचायला शिकेल की!”

हा भाग लवकर उरकते. आरशासमोर उभं राहा, आवाज न काढता म्हणा: बाबा. मग पापा. मग मामा. ओठ तिन्ही वेळा एकसारखेच मिटतात आणि उघडतात. काका म्हणून पाहा; क घशाजवळ होतो, बाहेर काहीच दिसत नाही. ओठ वाचणं म्हणजे निम्मा अंदाज, आणि अंदाज बांधायला भाषा आधी यावी लागते. भाषा येणाऱ्याला ओठांची मदत होते, त्यांच्यावरून भाषा शिकता येत नाही. ही अडचण ओळखून 1966 साली ऑरिन कॉर्नेट यांनी चेहऱ्याजवळ हाताचे आकार करून सारखे दिसणारे ध्वनी वेगळे दाखवायची पद्धत काढली. ती वाचनाला उपयोगी पडते, पण तुमच्या भाषेत ती शिकवणारं कोणी आहे का ते आधी पाहा.

सांकेतिक भाषा

सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे, असं घरोघरी समजतात. भाषा-अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी 1960 साली अमेरिकन सांकेतिक भाषेची फोड करून दाखवली तोवर विद्यापीठांतही तसंच समजत. हाताचा आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा, यांतलं काहीही एक बदललं की अर्थ बदलू शकतो. अनेक सांकेतिक भाषांत भुवया उंचावल्या की ‘हो की नाही’चा प्रश्न, आक्रसल्या की ‘काय, कुठे, कोण’चा. ती जगभर एकच आहे हाही गैरसमज: इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे बोलतात इंग्रजी, पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांची सांकेतिक भाषा कळत नाही, कारण अमेरिकेतली फ्रेंच सांकेतिक भाषेच्या घराण्यातली आहे.

ऐकणारी बाळं तोंडाने बडबडतात त्याच सुमारास कर्णबधिर आईबाबांची कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात. 1991 साली हे संशोधनातून पुढे आलं. निकाराग्वात तर 1970 च्या दशकाच्या शेवटी शाळेत पहिल्यांदा एकत्र आलेल्या मुलांनी, शिक्षक ओठ वाचायला शिकवत असताना, मैदानात आणि बसमध्ये स्वतःची नवी भाषा घडवली. तिचं व्याकरण पक्कं केलं ते मागून आलेल्या, वयाने लहान मुलांनी. इथेही वयच.

या मार्गाचा मोठा गुण म्हणजे तो आज संध्याकाळपासून सुरू होतो. ऑपरेशन नाही, बॅटरी नाही, फळ मिळेल की नाही ही टांगती तलवार नाही. डोळे चांगले असलेल्या बाळाला खुणा पूर्णपणे दिसतात.

यात मेहनत मात्र तुमची आहे, आणि ती कमी लेखू नका. मोबाइलवर दोनशे शब्द शिकून ‘दूध’, ‘झोप’, ‘नाही’ एवढंच जमतं. मुलाला ‘तो मुलगा का रडत होता’ हे विचारायचं असतं. स्वीडनमध्ये आईबाबांना सांकेतिक भाषेच्या 240 तासांपर्यंतच्या शिक्षणाची सोय आहे, यावरून आवाका लक्षात येईल. तोंडाने बोलत बोलत प्रत्येक शब्दाला खूण करायची, ही पळवाट अनेकांना सोयीची वाटते. त्यात बोलणं ठीक राहतं, पण खुणांचं वाक्य मोडतं आणि मुलाच्या वाट्याला तुकडे येतात. तुम्ही पारंगत व्हायची वाट पाहू नका. बाळाच्या दोन पावलं पुढे राहिलात तरी पुरे, फक्त अस्खलित खुणा करणारी मोठी माणसं आणि मुलं त्याच्या नेहमीच्या सहवासात हवीत. दुसरी उणीव उघड आहे: आजीआजोबा, शेजारी, दुकानदार यांना खुणा येत नाहीत. लिहिण्यावाचण्याची भाषाही वेगळी शिकवावी लागते.

खुणा केल्या तर बोलणं राहील?

ही भीती जुनी आहे. 1880 साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी खुणा वर्गातून हद्दपार करण्याचा ठराव केला. तिथे मत द्यायला कर्णबधिर प्रतिनिधी जवळपास नव्हतेच. त्याच परिषदेच्या मालिकेतल्या 2010 च्या व्हँकुव्हर अधिवेशनात त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. मधली एकशेतीस वर्षं मुलांचे हात बांधण्यात गेली, काही ठिकाणी अक्षरशः.

संशोधन एकमुखी नाही. 2017 साली अॅन गीअर्स आणि सहकाऱ्यांना इम्प्लांट असलेल्या मुलांत खुणा न वापरणाऱ्यांचं बोलणं सरस आढळलं. त्यावर आक्षेप असा की त्यातल्या ‘खुणा करणाऱ्या’ घरांत मुळात पालकांनाच खुणा किती येत होत्या हे स्पष्ट नव्हतं, आणि ज्यांचं बोलणं मागे पडतं तीच घरं खुणा चालू ठेवतात. याउलट 2014 च्या एका अभ्यासात कर्णबधिर आईबाबांच्या, जन्मापासून खुणा आणि शिवाय इम्प्लांट असलेल्या मुलांचं इंग्रजी हे ऐकू येणाऱ्या मुलांच्या तोडीचं निघालं. पण ती मुलं होती फक्त पाच. मी यातून एवढंच घेते की अस्खलित खुणांमुळे बोलणं बुडतं याचा पुरावा नाही, आणि मोडक्यातोडक्या खुणांनी बोलणं सुधारतं याचाही नाही.

वाढताना काय होतं

मी स्पष्ट बोलते. अनोळखी माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळतही नाही. आमच्या घरात सगळे गोल करून बसायचे, कोणीतरी काहीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा. मी मावशीचा हात ओढून विचारायचे, काय झालं? “काही नाही गं, नंतर सांगते.” ते नंतर कधी येत नसे, आलं तरी दहा मिनिटांच्या गप्पांचं एक वाक्य होऊन येई. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागायचं, कारण दिवसभर ऐकणं हेच काम. थेरपीच्या चाचणीत यातलं काही दिसत नाही. जिथे सगळे खुणा करतात अशा खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याविषयी नसलेलं, शेजारच्या दोघींमधलं भांडण मला कळलं. इतका आनंद मला भांडणाचा पुन्हा कधी झाला नाही.

शाळा

खुणांच्या शाळेत मित्र मिळतात, मोठी मुलं दिसतात, मधली सुट्टी मुलाची स्वतःची असते. अभ्यासाचा दर्जा मात्र वर्गात बसून तपासा, कारण तो फार खालीवर असतो. सर्वसाधारण शाळेत अभ्यासक्रम पूर्ण मिळतो, पण शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की धडा गेला. दुभाषी मिळाला तर उत्तम, फक्त दुभाष्याचा उपयोग ज्याला सांकेतिक भाषा आधीच येते त्यालाच, आणि मधल्या सुट्टीत दुभाषी नसतो.

मग काय निवडाल?

दोष मध्यम असेल आणि मशीनने बाळ महिन्यागणिक नवे शब्द पकडत असेल तर बोलण्याचा मार्ग पुरेसा ठरू शकतो. थोड्या खुणा आंघोळीच्या वेळी, पोहताना, मशीन बंद असताना कामाला येतात. दोष तीव्र असेल आणि इम्प्लांट ठरलं असेल तर ऑपरेशन करा आणि खुणा त्याच आठवड्यात सुरू करा, मशीन चालू व्हायची वाट न पाहता. श्रवणनस नसेल, ऑपरेशन शक्य नसेल किंवा नको असेल, तर सांकेतिक भाषा हीच पहिली भाषा, आणि घरातल्या सगळ्यांनी ती शिकायची, एकट्या आईने नव्हे. बोलणं हुकलं आणि खुणा आल्या तर मूल भाषेसह वाढतं. खुणा टाळल्या आणि बोलणंही हुकलं तर गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत. माझं पारडं झुकतं ते इथे.

“खुणा नकोत” असं सांगणाऱ्या थेरपिस्टला पुढच्या भेटीत तीन प्रश्न विचारा: सहा महिन्यांनी माझ्या बाळाला वयाप्रमाणे किती भाषा यायला हवी? ती तुम्ही कशी मोजणार? आणि ती आली नाही तर त्या दिवशी आपण काय बदलणार? उत्तरं तारखेसह लिहून घ्या.