स्कीनाच्या खोऱ्यात स्टीलहेडमागे सहा दिवस: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, स्कीना नदीच्या एका उपनदीवर, लॉजमध्ये सहा दिवस राहून आलो. परतल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आता एप्रिल आहे. तिथे शिकलेलं हिवाळाभर घराजवळच्या नदीवर वापरून पाहिलंय, त्यामुळे आता नीट सांगता येईल. उपनदीचं नाव देत नाही. तिच्यावर लॉज मोजकीच आहेत, आणि मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढलेला आणि अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. पॅसिफिक सॅमन अंडी घातली की मरतो. स्टीलहेडचं तसं नाही, त्यातले काही पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात. स्कीनात हे मासे उन्हाळ्यात आणि उन्हाळा सरता सरता शिरतात, अंडी मात्र घालतात पुढच्या वसंतात. मधले महिने त्यांचं खाणं जवळपास बंद असतं. अशा माशाने पिसं आणि दोरा गुंडाळलेला गळ, म्हणजे फ्लाय, तोंडात का घ्यावा, याचं पक्कं उत्तर माझ्या गाइडकडेही नव्हतं. घेतो, हे मात्र खरं.

व्हँकुव्हरहून स्मिदर्सपर्यंत विमान, पुढे गाडी, शेवटी जेट बोट. खोल्या उबदार, जेवण चांगलं. यापुढे लॉजच्या इमारतीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

लिहायचं आहे ते गाइडबद्दल. तळ्यांवर पाच वर्षं एकहाती फ्लाय रॉड वापरलेला असल्यामुळे मला वाटत होतं की येतं आपल्याला. तिथे हातात आला तेरा फुटी, दोन हातांनी चालवायचा स्पे रॉड. पहिल्या सकाळी गाइडने मला दोन तास गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. मी ताकद लावून लांब फेकत होतो. तो म्हणाला, "मासा पलीकडच्या काठाला नाही, तुझ्या पायापासून वीस-तीस फुटांवर आहे. तू त्याच्या डोक्यावरून टाकतोयस." दोरी प्रवाहाला तिरकी टाकायची, एकदा वर उचलून सैल करायची, मग फ्लायला आपल्या काठाकडे सावकाश वळत येऊ द्यायचं. वळण पूर्ण झालं की थोडं थांबायचं, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा टाकायचं. दिवसभर एवढंच. त्यानेच मला पाणी वाचायला शिकवलं. पृष्ठभाग कुठे चालत्या माणसाच्या वेगाने सरकतोय, बुडालेल्या दगडामागे तो कुठे गुळगुळीत होतोय, ते बघायला लागलो. आज कुठल्याही नदीवर गेलो की नजर आपोआप आधी तिथेच जाते.

चौथ्या दिवशी दुपारी मासा लागला. बोटाखाली हातभर दोरीचा सैल फास धरायचा असतो, तो हळूच सरकायला लागला. मी कोकणातला, खाडीवर वडिलांसोबत गरी टाकत वाढलो. गरीला ओढ लागली की हिसका द्यायचा, हे हाताच्या हाडात बसलेलं. मागून गाइड दबक्या आवाजात म्हणाला, "काही करू नकोस. घेऊ दे त्याला." फास संपला, दोरी ताठ झाली आणि रील ओरडायला लागलं. बऱ्याच वेळाने मासा उथळ पाण्यात आला. मादी होती, तेहतीस इंच, पाण्यातच मोजली. अंग चांदीचं, कल्ल्यावर फिकट गुलाबी छटा. गाइडने माझा हात धरून शेपटीच्या मुळाशी ठेवला आणि तिचं तोंड प्रवाहाकडे केलं. बिनकाट्याचा गळ चिमटीने सहज निघाला. हातात ताकद परतताना जाणवली, मग एकाच फटक्यात ती गेली. गार पाण्यात बोटं बधिर झाली होती, तरी मी तसाच उभा राहिलो.

व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "सोडलीस? मग एवढा लांब गेलास कशाला?" तिला सांगितलं की तिथे रानटी स्टीलहेड सोडावाच लागतो, तसा नियम आहे, आणि तो नियम योग्य आहे. स्कीनाच्या मुखाजवळ टायी इथे दर उन्हाळ्यात चाचणी मासेमारी होते, तिच्यावरून किती मासे परतताहेत याचा अंदाज बांधतात. 2021 मध्ये आकडे इतके खाली गेले की ऑक्टोबरात संपूर्ण खोऱ्यात स्टीलहेडची मासेमारी बंद करण्यात आली. दक्षिणेला थॉम्पसन नदीत तर हा मासा नामशेष होण्याच्या काठावर आहे.

तक्रारींची सुरुवात इथूनच होते. बंदी आली तर आगाऊ रकमेचं काय, हे बुकिंग करताना मी विचारलं नाही आणि लॉजनेही सांगितलं नाही. सहापैकी दोन दिवस पावसाने नदी चहासारखी गढूळ झाली, गळ टाकताच आला नाही. त्याचा एक डॉलरही परत मिळत नाही, हे तिथे पोचल्यावर कळलं. पावसाचा दोष लॉजला देत नाही, पण ही अट पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगायला हवी. भाड्याचे वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारी, डाव्या गुडघ्यापाशी गळत होते आणि बदली जोडी तिसऱ्या दिवशी मिळाली. पाचसात अंशांच्या पाण्यात ही किरकोळ गोष्ट नाही. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दुसऱ्या बोटीवरच्या गाइडने पाहुण्याच्या फोटोसाठी मासा काठावरच्या दगडांवर ठेवला. मी रात्री व्यवस्थापकाशी बोललो, तो नुसता हसला. आज पाचातले दोन गुण कापतोय, त्यातला एक या हसण्यासाठी आहे.

परतल्यावर स्वतःचा स्पे रॉड घेतला आणि डिसेंबरपासून जवळपास दर रविवारी घराजवळच्या व्हेडर नदीवर गेलो. तिथे गर्दी असते, बहुतेक जण फ्लोट लावून आमिषाने धरतात, त्यामुळे फ्लाय फिरवायला मोकळी जागा मिळवण्यासाठी उजाडायच्या आत पोचावं लागतं. चार महिन्यांत दोन मासे. एकाचा पाठीवरचा छोटा मेदपर शाबूत होता, म्हणजे रानटी, तो सोडला. दुसऱ्याचा कापलेला होता, म्हणजे हॅचरीत वाढवून सोडलेला. तो नियमाप्रमाणे घरी आणला, आईला विचारून तिरफळं घालून कालवण केलं. दोन्ही मासे काठापासून तीस फुटांच्या आतच लागले.

जायचा विचार असेल तर बुकिंगआधी तीन गोष्टी लेखी विचारा: बंदी आली किंवा नदी गढूळ झाली तर पैशांचं काय, एका गाइडमागे पाहुणे किती, आणि मासा पाण्याबाहेर काढतात का. परदेशातून येणार असाल तर क्लासिफाइड वॉटर्सचा, म्हणजे खास नियम असलेल्या नद्यांचा, परवाना नदीनुसार आणि दिवसांनुसार काढावा लागतो, तोही खर्चात धरा. गाइडच्या टिपचे पैसे वेगळे ठेवा. ज्याने कधी स्पे रॉड धरला नाही त्याने एकदा तरी लॉजचा आठवडा घ्यावा, कारण मला जे दोन तासांत कळलं ते एकट्याला कळायला दोन हंगाम गेले असते.

मी या वर्षी लॉज घेतलेलं नाही. सप्टेंबरात गाडीने स्मिदर्सला जाऊन तंबूत राहणार, दोन दिवस गाइड आणि बाकीचे दिवस बल्क्ली नदीवर एकटा. जुलै लागला की रोज सकाळी टायीचे आकडे बघणार. ते फारच खाली राहिले तर गळ न टाकता नुसती नदी बघून येईन.