सल्ला कोणाचा घ्यावा: विभागातल्या प्राध्यापकांचा की सल्ला केंद्राचा?

काही विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्याला विभागातलेच एखादे प्राध्यापक सल्लागार म्हणून नेमून देतात. काही ठिकाणी त्यासाठी वेगळं केंद्र आणि पूर्णवेळ सल्लागार असतात. बऱ्याच ठिकाणी दोन्ही असतात आणि मग कुठे जावं कळत नाही.

नियमांच्या बाबतीत केंद्र सरस. विषय सोडायची शेवटची तारीख, शाखा बदलल्यावर जुनी क्रेडिट (उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक) धरतील की नाही, हे तिथे तोंडपाठ असतं. समजा, तिसऱ्या सत्रातला संख्याशास्त्राचा पेपर राहिला. अर्थमितीला (आकडेवारीच्या आधारे अर्थशास्त्र शिकवणारा विषय) बसायचं तर तो आधी सुटलेला हवा, आणि तो शिकवतात वर्षातून एकदाच. म्हणजे एका पेपरापायी पदवी वर्षभर लांबू शकते! केंद्रातला सल्लागार अभ्यासक्रमाचा तक्ता उघडून ही साखळी लगेच दाखवतो. प्राध्यापक बऱ्याचदा ‘ऑफिसात विचारा’ म्हणून मोकळे होतात.

पण मुळात अर्थमिती घ्यावी का, संशोधनात जायचं तर गणित किती लागेल, हे प्राध्यापकांनाच विचारावं. शिफारसपत्रही तेच देणार, आणि ओळख नसेल तर ते चार ठरावीक ओळींचंच निघतं. केंद्रात दर खेपेला नवा चेहरा. नोंदणीच्या आठवड्यात तर रांगच.

माझ्या मते पहिल्या वर्षी केंद्र, मुख्य विषय ठरला की प्राध्यापक. शेवटच्या वर्षाआधी क्रेडिटची बेरीज मात्र केंद्राकडूनच तपासून घ्यावी आणि उत्तर ईमेलवर लेखी मागावं.