सॉलिसिटर आणि बॅरिस्टर: दोन शाखा एक कराव्यात का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये पक्षकाराची बाजू समजून घेणे, कागदपत्रे आणि करारमदार सांभाळणे हे मुख्यतः सॉलिसिटरचे काम असते, तर न्यायालयात युक्तिवाद करणे आणि अवघड प्रश्नांवर कायदेशीर मत देणे हे बॅरिस्टरचे. वकिली व्यवसायाच्या या दोन शाखा एक करण्याची सूचना, कायदेशीर सेवांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या बेन्सन आयोगाने १९७९ मध्ये एकमताने फेटाळली. मात्र तेव्हाची विभागणी आज तितकी कडेकोट उरलेली नाही. १९९० च्या कायद्याने सॉलिसिटरांना, आवश्यक पात्रता मिळवल्यास, वरच्या न्यायालयांत उभे राहण्याची वाट मोकळी झाली, आणि २००४ पासून सामान्य पक्षकारही थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकतो. त्यामुळे आज ठरवायचे आहे ते एवढेच, की उरलेली सीमाही पुसावी का.

एकत्रीकरणाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा खर्चाचा आहे. एकाच दाव्यासाठी दोघांचे शुल्क द्यावे लागते, प्रकरण दोघांना समजावून सांगावे लागते, आणि आधीची सुनावणी लांबल्यामुळे ठरलेला बॅरिस्टर ऐनवेळी बदलला, तर पक्षकाराला अनोळखी वकिलावर विसंबावे लागते. ही तक्रार खरी आहे आणि तिला परंपरेचा दाखला देणे हे उत्तर नव्हे. विद्यार्थ्याला फार लवकर शाखा निवडावी लागते, हाही आक्षेप रास्त आहे, पण तो प्रशिक्षणाचा बराचसा भाग सामायिक करून दूर करता येईल.

वेगळेपणाच्या बाजूने मला निर्णायक वाटतो तो 'कॅब रँक' नियम: आपल्या विषयातले, योग्य शुल्काचे काम आले आणि हाताशी वेळ असला, तर पक्षकार कितीही अप्रिय असो, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बॅरिस्टरला ते नाकारता येत नाही. हे बंधन सॉलिसिटरसारख्या व्यावसायिकामार्फत आलेल्या कामाला लागू होते, पक्षकार थेट आल्यास नाही. म्हणजे ज्याच्या बाजूने उभे राहायला कोणी धजत नाही अशा आरोपीचे हे संरक्षण या विभागणीवरच टेकलेले आहे. शिवाय लहान गावातल्या सॉलिसिटरलाही लंडनमधला निष्णात बॅरिस्टर उभा करता येतो. तोच बॅरिस्टर एखाद्या मोठ्या फर्मचा भागीदार झाला, तर हितसंबंधांच्या संघर्षामुळे तो अनेकांना मिळेनासा होईल.

मुंबईचा अनुभवही येथे उपयोगी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील (जेथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात) अशीच दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने संपली, तरी आजही तेथील सॉलिसिटर फर्म मोठ्या दाव्यांत युक्तिवादासाठी स्वतंत्र वकील (कौन्सेल) नेमतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाने १८९१ मध्ये कायद्याने शाखा एक केल्या, पण युक्तिवाद करणाऱ्या वकिलांचा स्वतंत्र वर्ग (बार) तेथेही टिकून राहिला. युक्तिवादाचे विशेष कौशल्य कामाच्या गरजेतूनच वेगळे होत असेल, तर कायद्याने एकत्रीकरण करून दुहेरी खर्च फारसा टळणार नाही, मात्र काम न नाकारण्याचे बंधन सैल होईल. म्हणून दोन्ही शाखा स्वतंत्र ठेवून, लहान आणि सरळ दाव्यांत पक्षकाराला एकाच वकिलावर भागवता येईल अशा सोयी वाढवणे मला अधिक न्याय्य वाटते.