स्पीडोमीटर बंद पडला म्हणून डॅशबोर्डचा अख्खा मीटर माथी मारला

जुन्या पिकअपचा स्पीडोमीटर बंद पडला आणि गॅरेजवाला गाडीखाली न वाकताच ‘मीटर गेलाय, अख्खा बदलावा लागेल’ म्हणाला, तर चावी परत मागून घ्या. याच वाक्यावर माझ्याकडून चांगलेच पैसे उकळले गेले. गाडी जुनी असली की असलं निदान कोणालाही पटतं, आणि त्यांचं फावतं.

आधी काटा चालत्या गाडीत अधूनमधून शून्यावर पडायचा. चाक खड्ड्यात आपटलं की पुन्हा उठायचा. मग एक दिवस उठलाच नाही. त्याच वेळी किलोमीटरचा आकडाही थांबला, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लागेना आणि ऑटोमॅटिक गिअर भलत्याच वेळी झटका देऊन बदलायला लागले. डिझेलचा आणि तापमानाचा काटा मात्र ठणठणीत. हे सगळं मी गॅरेजमध्ये सविस्तर सांगितलं. त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी बघितलं, आणि निकाल दिला: मीटर.

नवा म्हणून जो मीटर बसवला, त्याच्या स्क्रूंची डोकी झिजलेली होती. काचेच्या कडेला आतून धूळ होती. किलोमीटरचा आकडा भलत्याच कोणाच्या तरी गाडीचा. विचारलं तर म्हणे, ‘कंपनीतून टेस्टिंग करून येतात ना.’ टेस्टिंगला एवढे किलोमीटर? जुना मीटर मागितला तर तो भंगारात गेलेला. बिलावर मात्र ‘नवीन’ असंच लिहिलं होतं. काटा चालत होता, त्यामुळे वाद फार ताणता आला नाही.

पहिला दणकून पाऊस झाला आणि काटा पुन्हा शून्यावर. परत गेलो तर उत्तर तयार: ‘मीटरची गॅरंटी आहे, वायरिंगचं काम वेगळं पडेल.’

दुसऱ्या मिस्त्रीने स्कॅनर लावून स्क्रीन माझ्याच हातात दिली. गाडी धावत असताना स्क्रीनवर वेग शून्य, आणि कोड पी ०५००, म्हणजे वेगाच्या सेन्सरचा सिग्नल येत नाही. बरं, गाडी चालताना स्कॅनर बरोबर वेग दाखवत असता आणि फक्त काटा पडून असता, तर संशय मीटरवर घेणं ठीक होतं. इथे वेग कॉम्प्युटरपर्यंतच पोचत नव्हता, तर मीटर दाखवणार काय? क्रूझ, गिअर आणि किलोमीटर एकदम बिघडले होते तेही त्यामुळेच: सगळ्यांना माहिती त्या एकाच सेन्सरकडून जाते.

मग त्याने मागची दोन्ही चाकं उचलली, स्टँड लावले, पुढच्या चाकांना ठोकळे दिले, गिअर न्यूट्रलला घेतला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेल्या सेन्सरचं कनेक्टर काढलं तर एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा गंज, आणि मागे वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं. माझा सेन्सर दोन वायरींचा, म्हणजे स्वतःच वीज तयार करणारा. व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याने प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, हाताने फिरवला. मिलिव्होल्टमध्ये का होईना, आकडा हलला. सेन्सर जिवंत होता! पिन साफ केली, वायरचा तुकडा बदलला, काम संपलं. पहिल्या गॅरेजमध्येही कोणीतरी हेच कनेक्टर दाबून बसवलं असणार, नाहीतर दुसरा मीटर लावून तरी काटा कसा चालला असता? म्हणूनच मी याला चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

तीन वायरींचा हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा, असेल तर तपासणी वेगळी: आधी सप्लाय आणि अर्थिंग येतायत का ते बघायचं, मग सिग्नल. काही पिकअपमध्ये सेन्सर मागच्या डिफरन्शियलवर (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यावर) असतो, तिथेही बघायला सांगा.

त्याहून जुन्या, म्हणजे सेन्सरऐवजी गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरती केबल असलेल्या गाड्यांत तर मीटर खपवणं आणखी सोपं. काटा थरथरतो किंवा उड्या मारतो तेव्हा बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली किंवा कुठेतरी मुडपलेली असते. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील तर आधी केबल तुटलीय का आणि गिअरबॉक्सकडचं छोटं प्लास्टिक गिअर झिजलंय का ते बघायचं. किलोमीटर पडतायत आणि काटाच मेलाय, तर केबल फिरतेय हे उघड आहे; तेव्हा मीटर उघडायला हरकत नाही. आणि वेग फक्त कमीजास्त दिसत असेल तर आधी टायरचा साइज बघा. मूळपेक्षा मोठे टायर टाकले की काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं की लगेच कळतं.

पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून मोठी डोकेदुखी किलोमीटरची आहे. गाडी विकायला काढली की आकडा फिरवल्याचा संशय माझ्यावरच येणार. आधीच्या सर्व्हिसच्या बिलावर जुना आकडा होता म्हणून थोडक्यात निभावलं. मीटर खरोखरच बदलावा लागला तर काढलेल्या आणि बसवलेल्या दोन्ही मीटरचे आकडे तारखेसह बिलावर लिहून घ्या, चालू अवस्थेत दोन्हींचे फोटो काढा, आणि जुना मीटर डिकीत टाकूनच गॅरेजबाहेर पडा.