डोंगल गच्चीवर, संगणक खाली: नमुने कशाने आणायचे?

आरटीएल-एसडीआर, म्हणजे रेडिओ लहरींचे आकडी नमुने करणारा यूएसबी डोंगल, अँटेनापाशी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेला; ते नमुने हाताळणारं ग्नू रेडिओ सॉफ्टवेअर खालच्या संगणकावर. नमुने खाली आणायची वाट निवडण्याआधी एक गुणाकार करा. सेकंदाला 24 लाख नमुने, डोंगलचा प्रत्येक नमुना 2 बाइटचा, म्हणजे 38.4 मेगाबिट प्रतिसेकंद. ग्नू रेडिओच्या कॉम्प्लेक्स फ्लोट या आकड्यांच्या रूपात तोच नमुना 8 बाइटचा होतो, म्हणजे 153.6 मेगाबिट. पाय 3बीचं इथरनेट 100 मेगाबिटचं, तिथेच गाडी अडते.

डोंगल एक आणि ऐकणाराही एकच असेल, तर आरटीएल-टीसीपी हा डोंगलचे नमुने नेटवर्कवर पाठवणारा प्रोग्राम घ्या. तो मूळचे 2 बाइट तसेच पाठवतो आणि फ्रिक्वेन्सीही खालून बदलता येते. तो एरवी 127.0.0.1 वरच, म्हणजे त्याच पायवरून आलेली जोडणी स्वीकारतो, म्हणून सुरू करताना ‘-ए 0.0.0.0’ द्यावंच लागतं, पोर्ट 1234. वायफाय कमी पडलं की टर्मिनलवर ‘एलएल+, नाउ 37’ असे चढते आकडे येतात. ही तुंबलेल्या बफरांची, म्हणजे नमुने तात्पुरते साठवायच्या कप्प्यांची रांग. एक बफर 2,62,144 बाइटचा आणि मर्यादा 500 ची. ती भरली की आवाज सुमारे 27 सेकंद मागे पडतो आणि पायची 131 एमबी मेमरी अडकते. ‘-एन 20’ दिलं की उशीर सेकंदभरावर येतो, मात्र जास्तीचे नमुने गळतात. पासवर्डची सोय नाही, त्यामुळे राउटरवर हा पोर्ट बाहेरच्यांसाठी कधीही उघडू नका.

ऐकणारे अनेक असतील तर ग्नू रेडिओतले झीरोएमक्यूचे पब-सब ब्लॉक: एक पाठवतो आणि प्रत्येक ऐकणाऱ्याला सगळे नमुने मिळतात. पुश-पुल इथे चालत नाही: दोन पुल जोडले की नमुने आळीपाळीने वाटले जातात आणि दोघांकडेही तुकडेच पोचतात. पायवरच गाळून दहाने डेसिमेट करा, म्हणजे दहातला एकच नमुना ठेवा; एफएमला 2.4 लाख नमुने पुरतात आणि भार 15.36 मेगाबिटवर येतो. ‘पास टॅग्ज’ (नमुन्यांसोबतच्या खुणा पाठवायचा पर्याय) दोन्ही टोकांना सारखंच ठेवा. फ्रिक्वेन्सी बदलायला मात्र वेगळी सोय करावी लागते, ही यातली खरी अडचण.

यूडीपी, म्हणजे पोच न तपासता पॅकेट पाठवण्याची पद्धत; तिचे ब्लॉक केबलवरच वापरा. 1472 बाइटच्या एका पॅकेटमध्ये 184 नमुने मावतात. पॅकेट हरवलं तर ते परत येत नाही. एफएमवर नुसती टिचकी ऐकू येते, पण डिजिटल डीकोडर फेज उडाल्याने सिंक हरवतो.

डोंगल आरटीएलचा नसेल तर सोपीरिमोट हे इतर डोंगलही नेटवर्कवरून चालवणारं सॉफ्टवेअर; वायफायवर त्याचा प्रोटोकॉल टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारा) करून घ्या.